विज्ञान अभ्यासक्रमांतील विद्यार्थी-स्पर्धा आणि सहकार्य

महाविद्यालयातील विज्ञानाच्या वर्गात विद्यार्थी एकमेकांना शिकवतात की टिपणे लपवतात, हे त्यांच्या स्वभावाइतकेच गुण देण्याच्या पद्धतीवरही ठरते. सापेक्ष गुणदानात 100 जणांपैकी पहिल्या 10 जणांनाच वरची श्रेणी मिळणार असेल, तर सगळा वर्ग सुधारला तरी अकरावा बाहेरच राहतो. मग शेजाऱ्याला उदाहरण समजावून देणे तोट्याचे वाटू लागते. 80 गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला ती श्रेणी असेल, तर हा तोटा उरत नाही. एकाचे यश दुसऱ्याच्या यशाशी कसे बांधलेले आहे यावर वागणूक अवलंबून असते, असे सामाजिक मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच यांनी 1949 मध्ये मांडले होते.

सहकार्याची सर्वांत नेटकी रीत एरिक मॅझूर यांनी हार्वर्डमध्ये 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरली. संकल्पनेवरचा बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, एक-दोन मिनिटे प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत. बरोबर उत्तरे साधारण 30 ते 70 टक्के असली तरच चर्चा रंगते. त्याखाली असतील तर मुद्दा पुन्हा शिकवावा लागतो, त्यावर असतील तर थोडक्यात आटोपून पुढे जावे. पहिले मत चर्चेआधीच घेतले पाहिजे. ते टाळले की हुशार मुलाचे उत्तर बाकीचे नुसते उचलतात.

प्रयोगशाळेत बिघाड वेगळा होतो. अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) एकजण ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडणाऱ्या मोजनळीची, तोटी धरतो, दुसरा वाचने लिहितो आणि सत्रभर तेच चालते. लिहिणाऱ्याला फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा टिकणारा फिका गुलाबी रंग, म्हणजे थांबण्याची खूण, ओळखता येतच नाही. प्रत्येक वाचनाला कामे बदलायला लावणे हा यावर साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

गट तीन-चार जणांचा ठेवावा. मोठ्या गटात कोणीतरी आयता बसून खातो. अहवालाचे भाग वाटून घेतले, तर प्रत्येकाला आपलाच तुकडा कळतो. म्हणून तोंडी परीक्षेत कोणालाही कुठल्याही भागावर प्रश्न विचारावा. काही ठिकाणी परीक्षाच दोन टप्प्यांत होते: आधी एकट्याचा पेपर जमा करून घेतात, मग तेच प्रश्न गटाने सोडवायचे. एकट्याच्या पेपरचे वजन बरेच जास्त ठेवतात. गृहपाठासाठी चर्चेला मुभा असावी, पण उत्तर ज्याचे त्याने, समोर कोणाची वही न ठेवता लिहावे आणि चर्चा कोणाशी झाली ती नावे वर नोंदवावीत.