हात वर जात नाही म्हणजे फ्रोझन शोल्डर नव्हे

चाळिशी उलटलेल्या माणसाचा खांदा महिनाभर दुखला की घरीदारी एकच निदान होतं: "फ्रोझन शोल्डर झालाय." लगेच भिंतीवर बोटं चढवणं सुरू होतं, दाराला दोरी-पुली टांगली जाते, कुणीतरी हात धरून ओढूनही बघतं. यातल्या पुष्कळ जणांचा खांदा गोठलेला नसतोच. दुखत असते ती रोटेटर कफची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. खांदेदुखीचं सर्वांत नेहमीचं कारण तेच आहे. एकाला जे औषध ते दुसऱ्याला त्रास, म्हणून हा घोळ महागात पडतो.

फ्रोझन शोल्डर बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. खांद्याच्या सांध्याभोवती एक सैलसर पिशवी असते. ती सुजते, जाड होते, आक्रसते आणि सांधा आतून आवळला जातो. चाळीस ते साठ हे वय, बायकांमध्ये जास्त, मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांमध्ये तर बरंच जास्त. आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं, अशी एक ते तीन वर्षं जातात. काहींच्या खांद्यात थोडा ताठरपणा कायमचा राहतो.

रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या फऱ्यापासून निघून दंडाच्या हाडाच्या डोक्यावर येऊन चिकटणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा. हे चौघे मिळून हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात. सर्वांत जास्त त्रास देते ती वरची, सुप्रास्पायनेटसची. वय, अचानक वाढलेलं काम (दिवाळीच्या आधी चार दिवस छत आणि माळे झाडणं, आठ वर्षांनी एकदम क्रिकेटमध्ये बॉलिंग टाकणं), कधी पडणं, यांतून तिची क्षमता आणि तिच्यावरचा भार यांचं गणित बिघडतं.

घोळ वाढवायला चिठ्ठीवरची नावंही हातभार लावतात. "पीए शोल्डर" (पीए म्हणजे पेरिआर्थ्रायटिस) हे त्यातलं सर्वांत निरुपयोगी. पेरिआर्थ्रायटिस हा शब्द पॅरिसच्या द्युप्ले यांनी १८७२ मध्ये वापरला, तेव्हा खांद्याच्या आजूबाजूचं सगळंच दुखणं एका पोत्यात भरावं लागत होतं. बोस्टनच्या कॉडमन यांनी १९३४ मध्ये "फ्रोझन शोल्डर" हे वेगळं नाव दिलं आणि नेव्हियासर यांनी १९४५ मध्ये "ॲडेझिव्ह कॅप्सुलायटिस". म्हणजे हे दोन आजार नाहीत, एकाच आजाराची दोन नावं. पण "पीए शोल्डर" लिहून मिळालं असेल तर त्यातून तुमची पिशवी आवळलीय की कंडरा दुखतेय हे काहीच कळत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: दोन्हींपैकी नेमकं काय?

आता ज्या खुणांवर लोक भरवसा ठेवतात त्यांतल्या बहुतेक निकामी आहेत. दुखणं कुठे? दोन्हींत दंडाच्या बाहेरच्या बाजूला. रात्री कुशीवर झोपवत नाही? दोन्हींत. हात डोक्यावर नेताना दुखतं? दोन्हींत. पाठीमागे हात नेऊन हूक लावता येत नाही किंवा मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, हे तर फ्रोझनचं पक्कं लक्षण म्हणून सांगितलं जातं. तेही चूक. त्या हालचालीत दुखरी कंडराही ताणली जाते, म्हणून कफवालेही तिथे अडतात.

खरा फरक एकच, आणि तो घरच्या खुर्चीत बसून बघता येतो: हात दुसऱ्याने हलवला तरी तो अडतो का?

बिजागरी गंजलेलं दार कुणीही ढकललं तरी अर्ध्यावर थांबतं. बिजागरी ठीक आहे पण ढकलणाऱ्याच्याच हातात जोर नाही, तर दुसऱ्याने ढकलल्यावर दार सताड उघडतं. आवळलेली पिशवी म्हणजे गंजलेली बिजागरी. दुखरी किंवा फाटलेली कंडरा म्हणजे जोर गेलेला ढकलणारा.

हे बघायला हात वर नेण्याची हालचाल वापरू नका, कारण तिथे शरीर फसवतं. फरा वर उचलून, कंबर वाकवून हात बराच वर गेल्यासारखा दिसतो. वापरायची ती हात बाहेर फिरवण्याची हालचाल. पाठ टेकून ताठ बसा. दोन्ही कोपरं काटकोनात दुमडून बरगड्यांना चिकटवा. दोन्ही काखांखाली, कोपर आणि बरगडीच्या मध्ये, एकेक घडी केलेला नॅपकिन धरा. अंगठे छताकडे. आता खिडकीची दोन्ही दारं बाहेर उघडावीत तसे दोन्ही पंजे बाहेर न्या. बरा हात साधारण ६० अंशांपर्यंत जातो, काहींचा त्याहून पुढे. नॅपकिन पडला किंवा धड वळलं तर मोजणी बाद, पुन्हा करा.

मग हात पूर्ण सैल सोडा आणि घरातल्या कुणाला तरी मनगट धरून हळूच, झटका न देता, तोच हात बाहेर न्यायला सांगा. दुखरा हात बऱ्या हाताच्या निम्म्यावर येऊन कडक थांबला, भिंतीला टेकल्यासारखा, तर पिशवी आवळलेली आहे. तुमच्या स्वतःच्या जोराने वीसच अंश गेला आणि दुसऱ्याने नेल्यावर जवळजवळ बऱ्या हाताइतका गेला, तर सांधा मोकळा आहे आणि दुखणं कंडरेचं आहे.

हीच हालचाल का? कारण फ्रोझन शोल्डरमध्ये पिशवीचा पुढचा-वरचा भाग आणि तिथला कोराकोह्युमरल लिगामेंट (हाडांना बांधणारा पट्टा) सर्वांत जास्त जाड होतात, आणि हात बाहेर फिरवताना ताणला जातो तो नेमका हाच भाग. कंडरा दुखरी असली तरी ती सांध्याला असं आतून बांधून ठेवत नाही.

दोन ठिकाणी ही चाचणी चकवते. दुखण्याच्या धास्तीने माणूस नकळत हात आवळून धरतो आणि कफचा खांदाही गोठलेला वाटतो. तेव्हा उताणं झोपवून, दंडाखाली उशी देऊन, पुन्हा बघा. झोपल्यावर हात सैल पडून पुढे गेला तर ती आवळण नव्हतीच. दुसरं, फ्रोझन शोल्डरच्या अगदी सुरुवातीला दुखणं भरपूर आणि आखडणं कमी असतं, म्हणून तीन-चार आठवड्यांनी चाचणी परत करा. दर खेपेला हालचाल घटत असेल तर उत्तर मिळालं.

हात बाहेर फिरणं बंद पडण्याची आणखी दोन कारणं आहेत: सांध्याची झीज, आणि मागच्या बाजूला निखळलेला खांदा. विजेचा शॉक बसल्यावर किंवा फिट येऊन गेल्यावर खांदा मागे निखळतो आणि समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेत सहज नजरेतून सुटतो. म्हणून आखडलेल्या खांद्याचा एक्स-रे दोन बाजूंनी हवा. तो स्वस्त आहे आणि पहिल्या भेटीतच काढावा.

उलट एमआरआयची घाई नको. साठीनंतर ज्यांना काडीचंही दुखणं नाही अशा पुष्कळ लोकांच्या कंडरेत छोटी फाट दिसते. खांदा गोठलेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये "पार्शल टिअर" (कंडरेला अर्धवट फाट) येतं, घर हादरतं, हात झोळीत बांधला जातो, आणि आधीच आवळलेली पिशवी आणखी आवळते. तपासणारा हात आधी, फोटो नंतर.

आता उपचार. फ्रोझन शोल्डरच्या दुखऱ्या टप्प्यात काम एकच: दुखणं कमी करणं. सांध्याच्या आत दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन इथे लवकर दिलं तर चांगलं काम करतं. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर आठवडाभर साखर चढू शकते, रोज मोजा आणि गोळ्या-इन्सुलिनबद्दल आधीच विचारून ठेवा. व्यायाम हलके: वाकून हात लंबकासारखा झुलवणं, आणि काठीने हात बाहेर ढकलणं. काठी दोन्ही हातांत आडवी धरा, कोपर अंगाशी, बऱ्या हाताने दुखरा हात बाहेर लोटा, १५-२० सेकंद थांबा, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, आधी गरम पाण्याचा शेक. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात उतरलं पाहिजे. रात्रीची झोप बिघडली तर जास्त ताणलंत.

जोर लावून ओढण्याला माझा ठाम विरोध आहे. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुखण्याच्या मर्यादेत हलकी हालचाल करणारे रुग्ण दोन वर्षांनी दुखणं सोसून ताणून घेणाऱ्यांपेक्षा चांगले होते. हाडवैद्याने दिलेल्या झटक्यात तर पन्नाशीपुढच्या बाईचं ठिसूळ हाड मोडू शकतं. भूल देऊन हात सोडवणं आणि दुर्बिणीने पिशवी कापणं हे उपाय आहेत, पण ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभराच्या शेवटी, हे दोन्ही आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक निघाला नाही. तेव्हा आधी साधा मार्ग धरा.

खांदा गोठल्याचं निदान झालं की एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. कधीकधी मधुमेहाचा पत्ता खांद्यावरूनच लागतो.

कंडरेचं गणित निराळं. तिला विश्रांतीने बरं वाटतं पण ती बरी होत नाही. ताकद येते ती मोजून दिलेल्या भारानेच. पहिले एक-दोन आठवडे डोक्यावरची कामं कमी करा आणि भिंतीशी उभं राहून, कोपर अंगाशी ठेवून, मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबा: ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, निम्म्या जोराने. मग रबरी बँडने हात बाहेर फिरवणं, १० ते १५ वेळांचे तीन सेट, एक दिवसाआड. पुढे खांद्याच्या उंचीपर्यंत अर्धा-एक किलो उचलणं. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पुरते. दहापैकी चारपर्यंत दुखलं तरी चालतं, दुसऱ्या सकाळी ते पूर्वपदावर असलं म्हणजे झालं. बारा आठवडे धरून चाला, दोन आठवड्यांत सोडू नका. इथेही इंजेक्शन देतात, पण ते कंडरेवरच्या बर्सात (घर्षण कमी करणाऱ्या छोट्या पिशवीत) जातं, आराम काही आठवड्यांचा असतो आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर कंडरा कमजोर होते.

आणि ती भिंतीवरची बोटं. गोठलेल्या खांद्यात फरा वर चढतो, भिंतीवरची पेन्सिलची खूण दोन इंच वर जाते, सांधा तिथेच राहतो. कंडरेच्या दुखण्यात तोच व्यायाम दिवसातून शंभरदा केला की हात नेमका ६० ते १२० अंशांच्या दुखऱ्या पट्ट्यातून शंभरदा जातो आणि कंडरा चिडते. आपल्याकडे सर्वांत जास्त सांगितला जाणारा हा व्यायाम दोन्हींपैकी कुणालाच पहिला द्यावा असा नाही.

थांबायचं नाही अशी एक परिस्थिती: बाथरूममध्ये घसरलात, गाडीवरून पडलात आणि त्यानंतर हात स्वतःहून उचलताच येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर वर जातो. ही कंडरा पूर्ण फाटल्याची शक्यता. "मुका मार आहे, उतरेल" म्हणत तीन महिने काढले तर स्नायू मागे ओढला जातो, त्यात चरबी भरते आणि शिवणं अवघड होतं. पहिल्या काही आठवड्यांतच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खांद्यासोबत छातीत दाब आणि घाम असेल तर मात्र खांदा विसरा आणि थेट हॉस्पिटल गाठा. मुंग्या बोटांपर्यंत जात असतील तर मान तपासा.

तोवर दोन्हींना चालणाऱ्या दोन गोष्टी. झोपताना बऱ्या कुशीवर व्हा आणि दुखरा हात पुढे छातीशी घेतलेल्या उशीवर ठेवा, तो लोंबकळू देऊ नका. शर्ट किंवा ब्लाउज घालताना दुखरा हात आधी घाला, काढताना शेवटी काढा.