शह, चेक आणि राजाचा पट

आमच्या सोसायटीच्या ओट्यावर सुट्टीत मुलं बुद्धिबळ मांडून बसतात. राजावर मारा आला की ओरडतात, ‘चेक!’ शेजारचे आजोबा लगेच टोकतात, ‘अरे, शह म्हणा. आपला शब्द असताना इंग्रजी कशाला?’ मला दर वेळी त्यांच्याजवळ बसून सांगावंसं वाटतं, की आजोबा, हे दोन्ही एकच आहेत.

फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. चतुरंगाचा खेळ आपल्याकडून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. राजा धोक्यात आला की ‘शाह!’ म्हणायचं. मराठीनं तो शब्द फारसीतून घेतला, ‘शह’ केला, सोबत ‘मात’ही घेतली. इंग्रजीकडे मात्र तो फार लांबच्या वाटेनं पोचला.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘शाह’चा ‘स्काकस’ झाला. ‘श’च्या जागी ‘स्क’, शेवटच्या ‘ह’च्या जागी ‘क’. पुढे जुन्या फ्रेंचमध्ये दोन नियम लागू पडले. पहिला, शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ला जोडून व्यंजन आलं, की आधी ‘ए’ लावायचा. लॅटिन ‘स्कोला’चं ‘एस्कोल’ झालं ते असंच. उत्तरेत स्कूलला ‘इस्कूल’ म्हणतात, आपल्या खेड्यांत ‘इष्टेशन’ ऐकू येतं, तीच जिभेची सोय. दुसरा नियम, ‘आ’आधीच्या ‘क’चा ‘च’. लॅटिन ‘कान्तारे’ म्हणजे गाणं, त्यातूनच इंग्रजीतलं ‘चँट’. दोन्ही नियम लागले, शेवट झडला, मधला स्वर बदलला, आणि ‘स्काकस’चा ‘एस्चेक’ झाला. इंग्रजीनं पुढचं ‘एस्’ गाळलं, उरला ‘चेक’. त्याच्याच अनेकवचनातून खेळाचं नाव आलं, ‘चेस’. असे नियम एका शब्दापुरते नसतात, शेकडो शब्दांना सारखे लागतात. म्हणून त्यांच्यावर विसंबता येतं.

आता अर्थाचा प्रवास. शह बसला की खेळणाऱ्याचा बेत थांबतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवण्यातून ताब्यात ठेवणं, ताब्यात ठेवण्यातून तपासणं. नाक्यावर गाडी चेक होते, दवाखान्यात चेकअप होतो, तो हाच. चौकटीच्या शर्टाला आपण चेक्सचा शर्ट म्हणतो, ते बुद्धिबळाच्या पटावरून.

पटाचं नाव आणखी एका ठिकाणी जाऊन बसलं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल एका टेबलावर मोजत. टेबल 10 फूट लांब, 5 फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे सोंगट्या खाली पडू नयेत. वर काळं कापड, त्यावर रेघा. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग विसाविसाचे पौंड, शेकडे, हजार. 12 पेनी झाल्या की त्या उचलायच्या आणि शिलिंगाच्या रकान्यात एक सोंगटी सरकवायची. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं किती जिकिरीचं आहे हे करून पाहिलंत, तर या कापडाची हुशारी कळेल. पटासारखं दिसतं म्हणून त्या कचेरीचं नाव ‘एक्स्चेकर’ पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’.

बँकेचा चेक मात्र ‘तपासणे’वरून आला. खोटेपणा पकडायला जपून ठेवलेल्या स्थळप्रतीला आधी चेक म्हणत. ब्रिटिशांच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जो ‘क्यू’ दिसतो तो एक्स्चेकरच्या प्रभावाचा. चेक प्रजासत्ताकाचा यातल्या कशाशीच संबंध नाही. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे.

नुसत्या उच्चाराच्या साम्यावरून ‘जगातले सगळे शब्द संस्कृतातूनच निघाले’ असं सांगणारे मेसेज फिरतात, ते कृपा करून पुढे पाठवू नका. खरं नातं याहून सुंदर आहे. इराणच्या बेहिस्तून इथल्या कड्यावर कोरलेल्या लेखात प्राचीन इराणी सम्राट दारयवउश (इंग्रजीत डरायस) स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो. ‘शाह’ आला तो या शब्दातून. जुन्या इराणीतला ‘ख्श’ आणि संस्कृतातला ‘क्ष’ ठरलेल्या जोडीनं येतात. ‘ख्शायथिय’ आणि वेदांतलं ‘क्षत्र’, म्हणजे सत्ता, एकाच मुळाचे. म्हणजे शाह ही क्षत्राची संतती नव्हे, भावंडं आहेत ती. इराणी शाखेतूनच ‘क्षत्रप’ हा प्रांताधिकाऱ्याचा हुद्दा आपल्याकडे आला. नाशिकच्या पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयानं दान कोरून ठेवलंय, त्यात ‘क्षत्रप’ आजही वाचता येतो.