थ्री-वे स्पीकरचा क्रॉसओव्हर

एकाच पेटीतल्या वूफर (खालच्या स्वरांचा), मिडरेंज (मधल्या) आणि ट्वीटर (वरच्या) या तीन ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या घटकांमध्ये, अँप्लिफायरकडून आलेला सिग्नल फ्रिक्वेन्सीनुसार वाटून देणारे सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. घरी बनवलेल्या स्पीकरमध्ये तो बहुधा पॅसिव्ह असतो: कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर एवढ्यावरच चालणारा, वेगळा वीजपुरवठा न मागणारा. याची सूत्रे सर्वत्र सापडतात, पण त्यांतून निघालेले आकडे जसेच्या तसे सोल्डर केले की स्पीकर हमखास बिघडलेला वाजतो. कारण सूत्र प्रत्येक ड्रायव्हरला ८ ओहमचा साधा रेझिस्टर समजते, आणि तसा ड्रायव्हर अस्तित्वात नाही.

थ्री-वेमध्ये, म्हणजे तीन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये, दोन छेदबिंदू (एका ड्रायव्हरचे काम दुसऱ्याकडे जाते त्या फ्रिक्वेन्सी) असतात, बहुधा ३०० ते ६०० हर्ट्झच्या दरम्यान एक आणि २५०० ते ३५०० हर्ट्झच्या दरम्यान दुसरा. वरचा बिंदू ट्वीटरच्या अनुनाद फ्रिक्वेन्सीच्या (जिथे तो स्वतःहून सर्वांत सहज हलतो) निदान दुप्पट हवा. त्याहून खाली आणला तर मोठ्या आवाजात ट्वीटर फाटका वाजतो आणि एक दिवस जळतो. तो बिंदू फार वरही नेता येत नाही. १३ सेंमीच्या मिडरेंजचा प्रत्यक्ष हलणारा शंकू साधारण १० सेंमीचा असतो. सुमारे ३४०० हर्ट्झला तरंगलांबी तेवढीच होते, आणि त्यापुढे आवाज समोरच्या अरुंद झोतातच राहतो. ३००० हर्ट्झची तरंगलांबी ११.५ सेंमी आहे, म्हणून मिड आणि ट्वीटर यांची केंद्रे शक्य तितकी जवळ घ्यावीत. दोन बिंदूंत सुमारे तीन सप्तकांचे, म्हणजे आठपटीचे अंतर असावे. ते कमी पडले तर मिडचे दोन्ही फिल्टर (खालचे स्वर कापणारा हाय-पास आणि वरचे कापणारा लो-पास) एकमेकांत गुंततात आणि मधला पट्टा फुगतो.

उताराबाबत, म्हणजे छेदबिंदूपलीकडे आवाज किती झपाट्याने कमी करायचा याबाबत, घरगुती कामात लिंकविट्झ-रायली पद्धत सर्वांत सोयीची. झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी ती १९७६ मध्ये मांडली. रस रायली हे त्यांचे सहकारी. छेदबिंदूवर दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबलने खाली असतात आणि त्यांची बेरीज सपाट येते. सप्तकाला २४ डेसिबलच्या उतारात दोन्ही एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या लहरी बरोबरीने चालतात. १२ डेसिबलच्या उतारात १८० अंशांचा फरक पडतो, म्हणून मिडच्या तारा उलट जोडाव्या लागतात. या १२ डेसिबलच्या प्रकाराची सूत्रे अशी: कपॅसिटर (फॅरड) = ०.०७९६ ÷ (ओहम × हर्ट्झ), कॉइल (हेन्री) = ०.३१८३ × ओहम ÷ हर्ट्झ. ८ ओहमला ३००० हर्ट्झसाठी ३.३ मायक्रोफॅरड आणि ०.८५ मिलिहेन्री येतात. ४०० हर्ट्झसाठी २५ मायक्रोफॅरड आणि ६.४ मिलिहेन्री. हे आकडे फक्त सुरुवातीपुरते.

‘८ ओहम’ छापलेल्या ड्रायव्हरचा डीसी रोध साधारण ५.५ ते ६.५ ओहम असतो. अनुनादाला त्याचा इंपीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) कित्येक पटींनी वर उसळतो, आणि व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे वरच्या पट्ट्यात पुन्हा चढत जातो. हा चढ वूफर आणि मिडच्या लो-पासला नडतो: कॉइल समोर असूनही वरचा आवाज हवा तसा कापला जात नाही. उपाय झोबेल सर्किटचा. ड्रायव्हरला समांतर एक रेझिस्टर आणि कपॅसिटरची एकसरी जोडी लावायची; रेझिस्टर डीसी रोधाच्या १.२५ पट, आणि कपॅसिटर म्हणजे इंडक्टन्स भागिले रेझिस्टरचा वर्ग. ५.६ ओहम आणि ०.८ मिलिहेन्रीच्या वूफरला ७ ओहम आणि १६ मायक्रोफॅरड लागतात. अनुनादाचा उंचवटा मिडच्या हाय-पासजवळ आला तर मात्र झोबेल उपयोगाचा नाही. तिथे कॉइल, कपॅसिटर व रेझिस्टर यांची एकसरी साखळी ड्रायव्हरला समांतर द्यावी लागते.

पेटीच्या पुढच्या फळीची रुंदीही हिशेबात येते. खालचा आवाज पेटीला वळसा घालून मागे पसरतो, वरचा फक्त पुढे जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या बाजूला सहा डेसिबलपर्यंत फरक पडतो. त्याचा मध्य साधारण ११५ भागिले रुंदी (मीटरमध्ये) इतक्या हर्ट्झला येतो. २५ सेंमीच्या फळीला ४६० हर्ट्झ. स्पीकर भिंतीलगत असेल तर ३ ते ४ डेसिबलची भरपाई पुरते. थ्री-वेचा खालचा छेदबिंदू नेमका याच भागात पडत असल्याने वेगळे सर्किट न लावता मिड आणि ट्वीटर खाली ओढले तरी काम होते. वूफरला पॅसिव्ह सर्किटने वर उचलता येत नाही, म्हणून संचाची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिल्यावर येणारा आवाज) वूफरच ठरवतो आणि मिड त्याहून निदान ३ ते ४ डेसिबल जोरकस निवडावा. ८ ओहमच्या ड्रायव्हरला ३ डेसिबल उतरवायला एल-पॅड (पातळी कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) २.३ ओहम एकसरी आणि १९ ओहम समांतर. ६ डेसिबलला ४ आणि ८. तो फिल्टर आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये बसवतात.

खरी रचना मोजमापातून होते, आणि तीही ड्रायव्हर पेटीत बसवल्यावर. १० ओहमचा रेझिस्टर आणि साउंड कार्ड यांच्या मदतीने तिघांचा इंपीडन्स मोजावा. मग कॅलिब्रेटेड माइक ट्वीटरच्या उंचीवर एक मीटरवर रोवून, तो तसूभरही न हलवता, एकाच वेळ-संदर्भाने तिन्ही ड्रायव्हर वेगवेगळे मोजावेत. माइक सरकला तर फेजची माहिती निकामी होते. ट्वीटर थेट जोडताना एकसरीत १० ते २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा. भिंतीवरून किंवा जमिनीवरून परावर्तन ५ मिलिसेकंदांनी येत असेल तर २०० हर्ट्झखालचे आकडे ग्राह्य नाहीत. वूफर तिथे शंकूपासून काही मिलिमीटरवर मोजून आलेख जोडावा लागतो. रूम ईक्यू विझार्ड या प्रोग्रामने मोजमाप आणि व्हिट्यूक्सकॅड किंवा एक्ससिम या सिम्युलेटरवर सर्किट, अशी वाट सर्रास वापरली जाते. सिम्युलेटरमध्ये लक्ष्य विजेच्या उताराचे नाही, कानापर्यंत पोचणाऱ्या उताराचे ठेवायचे. ड्रायव्हरचा स्वतःचा उतार त्यात मिसळतो, म्हणून सर्किट १२ डेसिबलचे असूनही प्रत्यक्ष उतार २४ चा येणे नेहमीचेच. एकूण इंपीडन्स अँप्लिफायरच्या किमान मर्यादेखाली जात नाही ना, हेही तिथेच दिसते.

जुळणी तपासायची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे ठरलेल्या जोडणीतल्या एकाच ड्रायव्हरच्या तारा उलटवून पुन्हा मोजणे. छेदबिंदूवर २० डेसिबल किंवा जास्त खोल, दोन्हीकडे सारखा खड्डा पडला तर फेज जुळलेला आहे. खड्डा उथळ किंवा एका बाजूला कललेला असेल तर आलेख कितीही सपाट दिसला तरी जुळणी कच्ची.

सुट्या भागांत सर्वांत जास्त काटकसर वूफरच्या कॉइलवर होते आणि तीच भोवते. ६.४ मिलिहेन्रीच्या हवा-गाभ्याच्या कॉइलला बारीक तार वापरली तर एक ओहमहून जास्त रोध येतो, बास सैल होतो आणि पातळी पडते. जाड तार किंवा लोखंडी गाभा घ्यावा. गाभा मात्र मोठ्या आवाजात संपृक्त होणारा नसावा. वूफरला समांतर येणारे मोठे कपॅसिटर बायपोलर इलेक्ट्रोलिटिक चालतात, ट्वीटरच्या वाटेतला पॉलिप्रॉपिलीन घ्यावा, दोन्ही १०० व्होल्टचे. साधा धन-ऋण खुणेचा इलेक्ट्रोलिटिक इथे टिकत नाही. रेझिस्टर १० वॉटचे वायरवाउंड, बोर्डपासून थोडे उचलून. शेजारच्या कॉइल एकमेकींशी काटकोनात व दूर ठेवाव्यात, आणि त्यांच्या मधून लोखंडी स्क्रू घालू नये, कारण त्याने इंडक्टन्स बदलतो.

अँप्लिफायर जोडण्यापूर्वी तिन्ही शाखा सुट्या करून प्रत्येकीचा इनपुट मल्टिमीटरने ओहमवर पाहावा. वूफरच्या शाखेत डीसी रोध अधिक कॉइलचा रोध दिसायला हवा. मिड आणि ट्वीटर यांच्या शाखा कपॅसिटरमुळे खुल्या दिसतात. तिथे एक-दोन ओहम आले तर कपॅसिटर वगळला गेला आहे आणि समांतर कॉइल थेट अँप्लिफायरच्या टोकांवर आली आहे.