स्वतःची प्रॅक्टिस सुरू करताय? विचारायला हक्काचं माणूस आहे

आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, अडलं की खुर्ची वळवायची आणि शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला विचारायचं. स्वतःच्या नावाची पाटी लागली की ते टेबल राहत नाही. शिकलेलं सगळं डोक्यात असतं, पण 'हे बरोबर आहे ना?' एवढं विचारायला कुणी नसतं. म्हापशातली आमची छोटी फर्म नव्या सीएंना, कर सल्लागारांना आणि हिशेबनिसांना असा सोबती जोडून देते.

सोबती म्हणजे तुमच्याआधी चार-पाच वर्षं या वाटेने गेलेली व्यक्ती. फार मुरलेली माणसं आम्ही मुद्दाम टाळतो, कारण पहिल्या वर्षाची धाकधूक त्यांना आठवतेच असं नाही. जोडी शक्यतो दुसऱ्या तालुक्यातली लावतो. म्हापशाच्या मुलीला मडगावचा सोबती मिळाला तर ग्राहकांवरून अवघडलेपण येत नाही.

गोव्यात याची गरज जास्त आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. पुण्यात आर्टिकलशिप करून परतलेल्या एका मुलीने पहिल्याच वर्षी एका दुकानदाराचं रिटर्न तयार केलं. आकडे चोख होते, पण दुकानाचा सगळा नफा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेखालच्या सामाईक मालमत्तेमुळे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं. 1961च्या आयकर कायद्यात हे कलम 5अ होतं. सोबत्याने रिटर्न भरण्याआधी शेजारी बसून तिला या वाटणीसाठीचं रिटर्नमधलं परिशिष्ट उघडून दाखवलं, बायकोचा पॅन कुठे टाकायचा तेही. वीस मिनिटांचं काम. आता 1 एप्रिल 2026पासून 2025चा नवा कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे जुन्या-नव्या सगळ्यांनाच पुन्हा अभ्यास आहे.

खरी अडचण मात्र बहुतेकदा कायद्याची नसतेच. 20 तारखेला जीएसटीचं 3बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं आणि ओटीपी जातो मालकाच्या मुलाच्या फोनवर. मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, बोट भर समुद्रात. अशा वेळी काय करायचं यापेक्षा, काम हातात घेतानाच नोंदणीतला मोबाइल नंबर तपासायचा, हे कुणीतरी सांगावं लागतं. फीचंही तसंच. ओळखीचा माणूस 'बघू मग' म्हणतो आणि आपली जीभ रेटत नाही. कामाची व्याप्ती आणि फी सुरुवातीलाच लेखी कशी द्यायची, हे सोबती स्वतःची पत्रं दाखवून शिकवतात. सीएंसाठी आणखी एक: आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय ऑडिट स्वीकारणं हा 1949च्या सीए कायद्याप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे. घाईत हेच राहून जातं.

महिन्यातून दोनदा समोरासमोर भेट आणि मधल्या काळात संध्याकाळी फोन, असं वर्षभर चालतं. शुक्रवारी बैठक ठेवत नाही, बाजाराच्या दिवशी म्हापशात गाडी लावायला जागा मिळत नाही. गणेशचवथीच्या दिवसांत सगळेच घरी असतात, आणि टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबरची मुदत समोर दिसत असते. म्हणून जुलैतच एक जादा बैठक घेऊन कुणाचे कागद आधी मागायचे ते ठरवतो.

सोबती तुमच्या कामावर सही करत नाही, तुमचा ग्राहक घेत नाही, तुम्हाला ग्राहक मिळवूनही देत नाही. चर्चेत ग्राहकाचं नाव आणि पॅन झाकूनच कागद ठेवायचे, हा नियम आम्ही दोघांकडूनही लिहून घेतो. सूर जुळले नाहीत तर न संकोचता सांगा, सोबती बदलून देऊ. त्याची वेगळी फी नाही.

पहिल्या भेटीला तुमच्या सध्याच्या कामांची यादी आणा, दोनच असली तरी चालतील. आणि ज्या प्रश्नाने गेल्या महिन्यात झोप उडाली होती, तो एका कागदावर लिहून आणा. सुरुवात तिथूनच करू.