जहाजाचा खोळंबा कोणाच्या हजेरीत?

नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि महिन्याभरात बड्या कंटेनर कंपन्यांनी सुएझचा नाद सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. तेव्हाच्या बातम्यांत चीन ते युरोप या मार्गाचीच चर्चा जास्त होती. पण अंतरं मोजली तर आपला फटका त्यांच्याहून मोठा निघतो. शांघाय ते रॉटरडॅम हे अंतर सुएझमार्गे साधारण 10,500 सागरी मैल आणि वळशाने 13,900 च्या आसपास, म्हणजे वाढ सुमारे एक तृतीयांश. मुंबई ते लंडन सुएझमार्गे सुमारे 6,300 आणि वळशाने सुमारे 10,700. ही वाढ सत्तर टक्क्यांची झाली. शांघायच्या जहाजाला तसंही लांबचं जायचंच असतं. आपण कालव्याच्या जवळ, म्हणून कालवा बंद झाला की आपलं नुकसानही जास्त. 1967 च्या जून महिन्यापासून आठ वर्षं सुएझ पूर्ण बंद होता, तेव्हाही मुंबईने हेच भोगलं होतं.

16 नॉटने, म्हणजे ताशी 16 सागरी मैलांनी जाणारं जहाज दिवसाला 384 सागरी मैल कापतं. जास्तीच्या 4,400 मैलांना साडेअकरा दिवस लागतात, जाऊन-येऊन 23. इंधन वाढलं, भाडं वाढलं, इथवर सगळ्यांना कळतं. बंदरावर खरा घोळ होतो तो वेळापत्रकाचा.

कंटेनर कंपन्या माल भरला की निघाले अशा चालत नाहीत. त्यांच्या सेवा ठरलेल्या असतात: दर आठवड्याला अमुक वारी न्हावा शेवाला, तमुक वारी पुढच्या बंदरात. समजा पूर्ण फेरीला 8 आठवडे लागतात. दर आठवड्याला एक जहाज हवं असेल तर त्या मार्गावर 8 जहाजं ठेवावी लागतात. फेरीत 23 दिवस वाढले की ती 11 आठवडे आणि 2 दिवसांची होते. आता 12 जहाजं हवीत, आणि जादा चार जहाजं कोणी खिशात घेऊन फिरत नाही. मग वेग वाढवून पाहतात. तेही परवडत नाही, कारण जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवला तर रोजचं इंधन तेहतीस टक्के जास्त जळतं. शेवटी एखादी खेप रद्द करायची, एखादं बंदर गाळायचं, वाटेत वादळ लागलं तर तेवढं उशिरा पोचायचं, असं सुरू होतं. परिणाम बेस्टच्या बससारखा: अर्धा तास एकही नाही आणि मग एकामागोमाग तीन. न्हावा शेवात चार दिवस धक्का रिकामा आणि पाचव्या दिवशी बाहेर नांगर टाकून जहाजांची रांग.

रांगेचं शास्त्र बंदरात जन्मलं नाही, ते टेलिफोनमुळे आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ आग्नर अर्लांग यांनी 1909 मध्ये पहिला निबंध लिहिला. किती लोक एकदम फोन करतील याचा नेम नसताना किती तारा ठेवायच्या, हा त्यांचा प्रश्न. उत्तर फोनला जितकं लागू तितकंच धक्क्यालाही. एकच धक्का आहे, जहाजं बेभरवशाने येतात, प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त होतो, पण सरासरीने एका जहाजाला एक दिवस लागतो असं धरू. धक्का निम्मा वेळ कामात असेल तर येणाऱ्या जहाजाला सरासरी एक दिवस थांबावं लागतं. धक्का 80 टक्के वेळ कामात असेल तर चार दिवस. 90 टक्के असेल तर नऊ, आणि 95 टक्के असेल तर एकोणीस. पंचाण्णव टक्के वापर हा कुठल्याही व्यवस्थापकाला अभिमानाचा आकडा वाटेल, आणि त्याच आकड्याला समुद्रात हाहाकार असतो. खऱ्या टर्मिनलला अनेक धक्के असतात आणि जहाजांना आधी वेळ नेमून दिलेली असते, म्हणून तिथे आकडे इतके भयंकर नसतात. वापर वाढेल तसा थांबण्याचा वेळ दाखवणारा जो वक्र, त्याचा आकार मात्र तोच राहतो. आणि येण्यातली अनियमितता जितकी जास्त, तितका वक्र लवकर वर उसळतो. तांबड्या समुद्राने नेमकं हेच केलं. एकूण मालात मोठा फरक पडला नाही तरी त्याच्या येण्यातली लय मोडली, आणि एवढं पुरतं.

याचा सरळ अर्थ असा की जहाजांना थांबवायचं नसेल तर बंदरावर कोणीतरी रिकामं बसलं पाहिजे: धक्का, क्रेन, नाहीतर माणूस. खोळंबा नाहीसा करता येत नाही, तो फक्त एकाकडून दुसऱ्याकडे ढकलता येतो. त्याचे पैसे कोणी द्यायचे, या एका प्रश्नाभोवती मुंबईच्या गोदी कामगारांचा बराचसा इतिहास फिरतो असं माझं मत आहे. पगारवाढ, बोनस, बढत्या हे सगळं त्या खालोखाल.

जुन्या गोदीत खोळंबा सरळ माणसाच्या माथी होता. प्रिन्सेस डॉक 1880 चा, व्हिक्टोरिया 1888 चा, अलेक्झांड्रा (आताचा इंदिरा डॉक) 1914 चा. जहाज लागलं की टोळीवाला माणसं उचलायचा. टोळीवाला म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार. कोणाला घ्यायचं हे तो ठरवणार आणि मजुरीतला आपला हिस्साही तोच कापणार. जहाज नाही तर काम नाही, काम नाही तर पैसे नाहीत. पावसाळ्यात आणखी एक भानगड असे. साखर किंवा धान्य उतरत असताना सर आली की हॅचवर, म्हणजे डेकमधून खाली खणात उघडणाऱ्या तोंडावर, झाकण टाकून काम थांबवावं लागे. खाली खणात पोती आकड्याने ओढून जाळीत रचणारे, वर विंच चालवणारा, हॅचच्या काठावर उभा राहून हाताने खुणा करणारा, धक्क्यावर पोती मोजणारा टॅली क्लार्क, सगळेच आभाळाकडे बघत बसणार. त्या बसण्याचा दाम टोळीवाल्याच्या हिशेबात नव्हता.

यावर तोडगा निघाला तो कायद्याने. गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा 1948 चा, आणि त्याखालची मुंबईची योजना आणि डॉक लेबर बोर्ड 1951 चं. ब्रिटनने 1947 मध्ये अशीच योजना आणली होती. कामगारांची नोंदणी झाली, काम पाळीपाळीने वाटलं जाऊ लागलं, आणि हजर राहूनही जहाज नसेल तर हजेरीचे पैसे मिळू लागले. हा पैसा मालवाहतुकीवर बसवलेल्या आकारातून यायचा. म्हणजे जहाजांच्या अनियमितपणाची किंमत जहाजवाल्यांनीच द्यायची. रांगेच्या गणिताने पाहिलं तर हा एक प्रकारचा विमाच होता, आणि माझ्या मते मुंबईतल्या कामगार चळवळीने मिळवलेल्या सगळ्यात हुशार गोष्टींपैकी एक. ती मिळवण्यामागे प्लासिड डिमेलो यांची ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियन होती. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत घडले ते याच डिमेलोंच्या हाताखाली. डिमेलो 1958 मध्ये गेले. गोदीच्या भिंतीला लागून जाणारा फ्रिअर रोड आज पी. डिमेलो रोड आहे. पुढे 1969 च्या माथाडी कायद्याने नोंदणी आणि मंडळ ही कल्पना गोदीच्या फाटकाबाहेर, मसजिद बंदरच्या हमालांपर्यंत नेली.

पण तोवर समुद्रापलीकडे एक पोलादी पेटी, म्हणजे कंटेनर, निघाली होती. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' जहाज 58 पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल भरायला तेव्हा टनाला 5 डॉलर 86 सेंट लागत, पेट्यांना 16 सेंट लागले. लोक क्रेनचं कौतुक करतात, पण खरी करामत पेटीच्या कोपऱ्यात आहे. आठही कोपऱ्यांत ओतीव पोलादाचे ठोकळे, त्यांत लांबट भोकं. क्रेनची चौकट पेटीवर टेकली की तिचे चार खुंट वरच्या भोकांत शिरतात, 90 अंशांत फिरतात आणि कुलूप लागतं. असेच खुंट जहाजावर दोन पेट्यांच्या मध्ये बसतात आणि ट्रेलरच्या सांगाड्यावरही. सगळ्या जगाने एकाच मापाचा कोपरा मान्य केल्यामुळे 30 टनांची पेटी माणसाचा हात न लागता जहाजावरून ट्रेलरवर जाते. हात लागतो तो फक्त लॅशिंगवाल्यांचा. जहाज लागताच वर चढून लांब लोखंडी सळया सोडवणारे आणि निघताना पुन्हा आवळणारे हे लोक, बहुधा कंत्राटी.

भारतात पहिली पेटी 1973 मध्ये कोचीनला उतरली. मुंबईच्या गोदीला पेट्या परक्या नव्हत्या, अडचण दारात होती. मुंबईची भरती-ओहोटी मोठी, म्हणून इंदिरा डॉकचं पाणी फाटकांनी अडवून ठेवलेलं असतं आणि जहाजं लॉकमधून, म्हणजे दोन फाटकांमधल्या अरुंद वाटेतून, आत येतात. हा लॉक 100 फूट, म्हणजे 30.5 मीटर रुंद. पनामा कालव्याच्या जुन्या मापाला बांधलेलं जहाज 32.2 मीटर रुंद. कंटेनरच्या जमान्यातलं सर्वसाधारण जहाज 1914 च्या दारातून पावणेदोन मीटरने अडलं. आजची सगळ्यात मोठी जहाजं तर 61 मीटर रुंद आहेत. युनियनमुळे धंदा मुंबईतून गेला असं अजून सर्रास बोललं जातं. युनियनचा वाटा नव्हता असं नाही, पण दाराचं माप कुठल्याही संपाने ठरवलं नव्हतं.

26 मे 1989 रोजी खाडीपलीकडे न्हावा शेवा सुरू झालं. नवं बंदर, खोल पाणी, क्रेन, आणि बोर्डाच्या पटावरच्या टोळ्या नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनने आपली 1947 ची योजना मोडीत काढली. तिथे तोवर सगळ्यात मोठं कंटेनर बंदर झालं होतं फेलिक्सस्टो, जे मुळातच त्या योजनेच्या बाहेर होतं. दोन्हीकडे झालं एकच: हजेरीच्या पैशांवर हल्ला करायची गरजच पडली नाही, माल हजेरीपटाच्या बाहेरच्या किनाऱ्यावर गेला. मुंबईचं डॉक लेबर बोर्ड 1994 मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या युनियनने 1960 मध्येच वेगळा सौदा केला होता: यंत्रं येऊ द्या, पण नोंदणीकृत कामगाराला काढायचं नाही आणि वाचलेल्या पैशातून निवृत्तीसाठी निधी द्यायचा. त्यांना ते जमलं, कारण त्या किनाऱ्यावरची सगळी बंदरं एकाच युनियनकडे होती. आपल्याकडे खाडी ओलांडली की पट बदलत होता.

न्हावा शेवा ज्या तालुक्यात आहे त्या उरणमध्ये तर प्रश्नच वेगळ्या नावाने विचारला गेला. इथला संघर्ष आधी जमिनीचा होता. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. त्यामुळे इथे नोकरी मागितली जाते ती प्रकल्पग्रस्त म्हणून, गोदी कामगार म्हणून क्वचित. 1999 मध्ये खासगी टर्मिनल आलं, 2022 मध्ये बंदराने स्वतःचं शेवटचं टर्मिनलही खासगी हाती दिलं. ऑगस्ट 2024 मध्ये देशातल्या प्रमुख बंदरांच्या कामगारांनी संपाची तारीख दिली आणि आदल्या दिवशी, 27 तारखेला, साडेआठ टक्के वाढीवर तडजोड झाली. चांगली गोष्ट, पण ती बंदरांच्या स्वतःच्या कामगारांपुरती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे कामगार तीन दिवस संपावर गेले आणि सहा वर्षांत सुमारे 62 टक्के वाढ घेऊन परतले. जहाजं आधीच उशिरा धावत असताना बंदर बंद ठेवणं कोणाला परवडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग न्हावा शेवात तांबड्या समुद्राचा खोळंबा गेला कुठे? तीन जहाजं एकदम लागली की क्रेन तासाला पंचवीस-तीस पेट्यांच्या वेगाने उतरवत सुटतात. यार्ड भरतं, फाटकावर रांग लागते आणि ती उरणच्या रस्त्यावर दिसते. जहाज चुकलं की निर्यातीची पेटी घेऊन आलेला ट्रेलर तिथेच अडकतो. या रांगेत बसतो ड्रायव्हर. अनेकांची कमाई खेपांवर असते, म्हणजे थांबलेला तास फुकटचा. पेटी मुदतीपेक्षा जास्त राहिली तर कंपनी मालाच्या मालकाकडून दंड घेते, जहाज अडकलं तर करारात डेमरेजचा, म्हणजे खोळंब्याच्या भरपाईचा, दर असतो. सगळ्यांच्या खोळंब्याला मीटर आहे, फक्त एकाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या नाही, टोळीवाल्याच्या काळात मजुराच्या नव्हता तसाच. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हरांनी नव्या फौजदारी कायद्यातल्या हिट-अँड-रनच्या शिक्षेविरुद्ध गाड्या उभ्या केल्या, तेव्हा मुंबईत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. म्हणजे ताकद आहे, पण तीही थांबण्याच्या पैशांसाठी वापरली गेली नव्हती.

फाटकावर वेळ नेमून देणं, बंदरातून माल थेट कारखान्यात पाठवणं, असे उपाय चालू आहेत आणि रांग त्यांनी कमी होते. अनियमितता मात्र समुद्रातून येते. वाढवणचं बंदर, ज्याची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली, तेही तिच्यातून सुटणार नाही. निदान मोजमापाची अडचण तरी राहिलेली नाही. जुलै 2016 पासून न्हावा शेवात पेट्यांना आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखचिठ्ठी, लागतात आणि पेटी कुठल्या टप्प्यावर किती वाजता होती याची नोंद होते. पेटी ट्रेलरवर असते आणि ट्रेलरमध्ये ड्रायव्हर. त्याचे थांबलेले तास त्याच नोंदींतून काढता येतील, आणि 1951 मध्ये कामगारांच्या हजेरीचा खर्च ज्या प्रकारे मालावरच्या आकारातून काढला जात होता, तसा या तासांचाही काढता येईल.