कथागती (विज्ञानकथा मालिका)

विज्ञानकथा मालिकेत कोणती गोष्ट प्रेक्षकाला कधी कळू द्यायची, कोणत्या कोड्यावर किती भाग खर्च करायचे आणि उकल कुठे आणायची, या आखणीला कथागती म्हणतात. कल्पना मोठी असूनही मालिका अपुरी वाटली, तर दोष बहुधा इथेच सापडतो. संथपणा हा स्वतः दोष नव्हे. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात उभ्याउभ्या अंदाज घेण्याची खडाखडी बराच वेळ चालली तरी माणसे जागची हलत नाहीत; कुस्ती निकाली होणार एवढा भरवसा त्यांना पुरतो. विज्ञानमालिकेच्या प्रेक्षकाला तो भरवसा फार क्वचित मिळतो.

कौटुंबिक मालिकेला जग उभे करावे लागत नाही. सासर, वाडा, जमिनीची वाटणी घरोघरी ठाऊक असते. विज्ञानमालिकेला मात्र यानात हवा कुठून येते, ताऱ्यांमधले अंतर कसे कापतात, काय अशक्य आहे, हे आधी पटवावे लागते. त्यात सुरुवातीचे भाग जातात आणि ते जायलाच हवेत. अडचण पुढची आहे. अमेरिकी वाहिन्या बहुधा एकेका हंगामाचीच मंजुरी देतात, त्यामुळे शेवट किती भागांवर आहे हे लेखकालाच माहीत नसते. मग तो मूळ कोडे राखून ठेवतो, मध्ये पाणी घालतो, नाहीतर घाईने सगळे गुंडाळतो.

‘स्टारगेट युनिव्हर्स’ (२००९–११) हे याचे सर्वांत चुटपुट लावणारे उदाहरण. परतीची वाट नसलेल्या प्राचीन यानात काही माणसे अडकतात. पहिल्या सहा भागांची नावेच हवा (तीन भाग), अंधार, प्रकाश आणि पाणी या अर्थाची आहेत. कार्बन डायऑक्साइड शोषणारी यंत्रणा निकामी झालेली असते, म्हणून चुना शोधायला एक तुकडी वाळवंटी ग्रहावर उतरते. संथपणामुळे हे भाग नावाजले गेले नाहीत, पण जगण्याचा हिशेब इतक्या बारकाईने मांडणाऱ्या मालिका थोड्याच आहेत. खरा घोळ वेगळा होता. यान वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणात (अवकाशात सगळ्या दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींत) दडलेली एक हेतुपूर्ण रचना शोधायला निघाले आहे, ही मालिकेतली सर्वांत भव्य कल्पना थेट दुसऱ्या हंगामात उघड होते. डिसेंबर २०१० मध्ये मालिका बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि ४० भागांवर ती थांबली. शेवटी सगळे शीतनिद्रेत जातात. एक कक्ष नादुरुस्त असल्याने एक तरुण जागा राहतो. रचनेचे काय, ते कळतच नाही.

१९६५ मध्ये सापडलेल्या याच प्रारणावर जयंत नारळीकरांनी पुढे अनेक वर्षे काम केले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. महास्फोटाचा पुरावा मानले जाणारे हे प्रारण धातूच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला ताऱ्यांचा प्रकाशही असू शकेल, अशी मांडणी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ पासून केली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. तरीही वाद दीर्घकाळ चालला, कारण विषयातच तेवढा ऐवज होता. ‘स्टारगेट युनिव्हर्स’ने मात्र त्याला ओझरते प्रसंग दिले.

‘बॅबिलॉन ५’मध्ये उलटे घडले. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी पाच वर्षांची कथा आधीच आखली होती आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. चौथ्या वर्षी मालिका बंद पडण्याची भीती निर्माण झाली. तीन वर्षे साठत आलेले महायुद्ध मग त्या हंगामाच्या सहाव्याच भागात संपले आणि पृथ्वीवरचे यादवी युद्धही त्याच वर्षात उरकले. नंतर दुसऱ्या वाहिनीने पाचवे वर्ष दिले, तेव्हा सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते. ‘फायरफ्लाय’ची (२००२) तर क्रमवारीच बिघडवली गेली: ओळख करून देणारा पहिला भाग वाहिनीने सर्वांत शेवटी दाखवला. याउलट जर्मन ‘डार्क’ने (२०१७–२०) तीन हंगाम आणि २६ भागांत आपले कोडे पूर्ण सोडवले.

कोल्हापूरला दैनंदिन मालिकेची गती जवळून माहीत आहे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांचे सेट लागतात; वसगड्याच्या वाड्यात चित्रित झालेली एक मालिका २०१६ पासून चार वर्षांहून अधिक चालली. अशा मालिकेत आज चित्रित झालेला भाग थोड्याच दिवसांत प्रसारित होतो आणि टीआरपी पाहून कथानक वळते. ही पद्धत विज्ञानकथेला मानवत नाही, कारण सुरुवातीला घालून दिलेला नियम शंभराव्या भागात मोडला की सगळा डोलारा कोसळतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये याच गावात स्वतःचा कॅमेरा तयार केला होता, तेव्हा सामग्रीची सबब इथे चालणार नाही. चित्रीकरणाआधी शेवटासकट लिहून झालेले दहा-बारा भाग आणि ते तेवढेच ठेवायला राजी असलेली वाहिनी, एवढ्यावर मराठीत असा प्रयोग उभा राहू शकतो.