रातांबा

रातांबा हा सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलांत वाढणारा वृक्ष आहे. आमटीत घालतात ते आमसूल म्हणजे याच झाडाच्या फळाची वाळवलेली साल. आमसूल पुष्कळ मुलांनी चोखलेले असते, पण झाड पाहिलेली मुले थोडी. कोकण, गोवा, कर्नाटकाचा पश्चिमेकडचा भाग आणि केरळ एवढ्याच पट्ट्यात, म्हणजे पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याच्या प्रदेशात, हे झाड निसर्गतः वाढते. अशा जातीला प्रदेशनिष्ठ म्हणतात. कोकम हे त्याचे दुसरे नाव, गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. मँगोस्टीन हे आग्नेय आशियातले गोड फळ रातांब्याच्या जवळच्या नात्यातले आहे.

झाड ओळखणे अवघड नाही. खोड सरळ वर जाते, फांद्या खाली झुकलेल्या असतात, त्यामुळे लांबून झाड शंकूसारखे निमुळते दिसते. उंची साधारण १० ते १५ मीटर भरते. पाने लांबट, टोकदार, गडद हिरवी आणि चकचकीत असून डहाळ्यांवर समोरासमोर जोडीने येतात. कोवळी पालवी मात्र तांबडी असते. सदाहरित जंगलातल्या इतर अनेक झाडांची पालवीही अशीच लाल फुटते. हा लाल रंग कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून आणि पाने खाणाऱ्या किडींपासून रक्षण करत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. साल खरवडली तर पिवळा चीक येतो. केवळ पाहण्यासाठी मात्र ती खरवडू नये, झाडाला इजा होते.

या झाडाचे वागणे समजायचे तर आधी ते जिथे वाढते ते जंगल डोळ्यांसमोर आणावे लागते. कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. उंच झाडांचे शेंडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे खाली ऊन येते ते कवडशांपुरतेच. रातांबा त्या उंच झाडांच्या खाली राहतो. सावली त्याला सोसते, वाढण्याची घाई नसते. बी रुजल्यापासून पहिले फूल यायला सात-आठ वर्षे सहज लागतात.

आणि फूल आल्यावरच कळते की झाड नर आहे की मादी! आंब्याच्या किंवा फणसाच्या प्रत्येक झाडाला फळ धरू शकते, रातांब्याचे तसे नाही. बियांपासून उगवलेल्या झाडांपैकी साधारण निम्मी नर निघतात आणि त्यांना फळे लागत नाहीत. काही थोड्या झाडांवर दोन्ही प्रकारची फुले येतात. नर फुले लहान झुपक्यांनी येतात, मादी फूल बहुधा एकेकटे असते. फळ येत नाही म्हणून नर झाडे तोडून टाकण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. पराग नर झाडांकडूनच मिळतो, म्हणून कलमांची बाग लावतानाही दर दहा झाडांमागे साधारण एक नर ठेवायला सांगतात. कलमाचीही एक गंमत आहे. सरळ वर वाढणाऱ्या फांदीची काडी वापरली तर शंकूच्या आकाराचे झाड होते, आडव्या फांदीची काडी वापरली तर ते झुडपासारखे पसरत राहते.

फुले हिवाळ्यात येतात आणि फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात. हिरवे फळ पिकता पिकता गडद लाल, मग जांभळट होते. आत आंबट गरात पाच ते आठ बिया असतात. माकडे ही फळे आवडीने खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. उशिरा पिकलेली फळे पावसात सापडतात, कुजतात, आणि साल वाळवायला ऊन मिळत नाही. म्हणूनच लवकर पिकणाऱ्या झाडांना मोल आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी हाती येते. ‘कोकण हातीस’ या दुसऱ्या जातीची फळे आकाराने बरीच मोठी असतात.

आमसूल करायला फळे कापून बिया आणि गर बाजूला काढतात. साली उन्हात वाळवतात, गराच्या रसात बुडवतात, पुन्हा वाळवतात. रसाची अशी पुटे देत बरेच दिवस गेले की साल काळपट, मऊ आणि चांगलीच आंबट होते. या आंबटपणात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा मोठा वाटा असतो. सालीचा रस मीठ घालून टिकवला की ते आगळ. सोलकढीला गुलाबी रंग येतो तो यातूनच.

बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की स्निग्धांश वर तरंगतो. तो काढून गार केला की घट्ट होतो, त्याचे गोळे वळतात. हे कोकमतेल फुटलेल्या टाचांना लावतात. खरे तर हा स्निग्धांश झाडाने आपल्यासाठी साठवलेला नसतो. दाट सावलीत रुजणाऱ्या रोपाला पुरेसे ऊन मिळेपर्यंत पुरावी म्हणून बीमध्ये ठेवलेली ती शिदोरी असते.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत रातांबा ‘असुरक्षित’ गटात आहे, कारण तो वाढतो ती जंगले कमी होत चालली आहेत. कोकणातली बरीचशी झाडे आजही कुणी न लावता रानात, ओढ्याकाठी किंवा परसात उगवलेली आहेत.

रातांबा लावायचा असेल तर ताजे बी घ्यावे. वाळलेले किंवा साठवलेले बी रुजत नाही. फळातून काढल्यावर धुऊन लगेच पिशवीत पेरावे, पिशवी सावलीत ठेवावी आणि कोंब दिसायला वेळ लागला तरी बी उकरून पाहू नये. जागा असेल तर एकाऐवजी चार-पाच रोपे लावावीत, म्हणजे त्यांत नर आणि मादी दोन्ही असण्याची शक्यता वाढते.